मार्शमॅलोच्या मुरमुरा वड्या : चिक्कीचा हात बाजूला ठेवून

नाशिकमध्ये अंबड आणि सिडकोच्या बाजूला घरोघरी ओव्हन नसतो. सिडकोच्या मूळ घरांतलं स्वयंपाकघर केवढं, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर ओट्यावर बसला की उरलेल्या जागेत पोळपाट मावला तरी खूप. पण जाड बुडाची कढई प्रत्येक घरात आहे आणि मुरमुऱ्याची पिशवीही. संध्याकाळची भूक जिथे भेळभत्त्यावर भागते तिथे मुरमुरे मुद्दाम आणावे लागत नाहीत. बाहेरून आणायचं ते मार्शमॅलोचं एक पाकीट आणि बटर. अर्ध्या तासात वड्या ताटात थापून होतात, आणखी तासाभराने कापता येतात. ओव्हन लागत नाही, पाकाची तार बघावी लागत नाही.

तरीही ज्यांची चिक्की उत्तम होते, त्यांच्याच या वड्या बऱ्याचदा दगडासारख्या होतात. कारण हाताला लागलेली सवय. चिक्कीचा पाक आपण खळखळ उकळतो, थेंब पाण्यात टाकून टण्‌ वाजतो का बघतो, मग दाणे घालून गरम असतानाच लाटण्याने जोर लावून पातळ लाटतो. इथे यातलं एकही करायचं नाही. पाक आधीच झालेला आहे, तो कारखान्यात करून, त्यात हवा घोटून, पाकिटात भरून आपल्याकडे आलेला आहे. साखर आणि ग्लुकोजचं सिरप उकळायचं, त्यात जिलेटिन घालून फेटून फेटून फुगवायचं, की मार्शमॅलो होतो. आपल्याला तो फक्त सैल करायचा असतो. जास्त आच दिली की त्यात उरलेलं थोडंसं पाणी उडून जातं, पाक पुढे सरकत गोळीबंद होतो, आणि गार झाल्यावर ताटात चिक्कीच उरते, तीही धड न झालेली.

मूळ पदार्थ अमेरिकेतला. केलॉग कंपनीचे राइस क्रिस्पीज, म्हणजे फुलवलेल्या तांदळाचे दाणे, तिथे नाश्त्याला दुधात घालून खातात. १९३९ साली मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक इथे, कंपनीच्याच स्वयंपाक विभागात काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी हे दाणे वितळलेल्या मार्शमॅलोत घोळवून वड्या पाडल्या. कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला निधी जमवायचा होता, त्यासाठी विकायला काहीतरी सोपं हवं होतं. पुढे कंपनीने ही कृती खोक्यावरच छापली आणि ती घरोघरी गेली. गंमत म्हणजे तांदूळ फुलवून गोडात बांधायची कला आपल्याकडे मुरमुऱ्याच्या लाडवाच्या रूपाने होतीच, फक्त आपण गूळ वापरत आलो.

त्या खोक्यावरचं प्रमाण मात्र इथे जसंच्या तसं चालत नाही. राइस क्रिस्पीजचा दाणा जड असतो, आपला मुरमुरा हलका. वजनाला वजन घेतलं तर मुरमुरे जवळजवळ दीडपट होतात, मार्शमॅलो पुरत नाही आणि वडी हातात घेताच भुगा होते. म्हणून खालचं प्रमाण मुरमुऱ्याचं आहे, २० सेंटिमीटरच्या चौकोनी ताटासाठी. त्यात ५ सेंटिमीटरच्या १६ वड्या पडतात.

साहित्य:
मार्शमॅलो २०० ग्रॅम
मीठ असलेलं बटर ४० ग्रॅम
जाड, फुगीर मुरमुरे ८० ग्रॅम (मोजायच्या कपाने साधारण ५ कप)
व्हॅनिला इसेन्स अर्धा चमचा, किंवा वेलदोड्याची पूड पाव चमचा
ताटाला लावायला थोडं बटर, आणि बटर पेपर

आता मार्शमॅलोचं पाकीट. अंबड, पाथर्डी फाटा, त्रिमूर्ती चौक या भागात मोठ्या किराणा दुकानात किंवा केकचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. पण घेताना किमतीच्या आधी पाकिटावरचं चिन्ह बघा. हिरवा गोल असेल तर शाकाहारी, तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. पांढरा, गुलाबी, लहान मुलांचा खाऊ दिसतो म्हणून तो शाकाहारी असेलच असं गृहीत धरणारे खूप भेटतात. चिन्हावर विश्वास बसत नसेल तर घटकांची यादी वाचा. जिलेटिनचा आकडा ४२८. शाकाहारी पाकिटात त्याऐवजी अगार म्हणजे चायना ग्रास, ४०६, नाहीतर समुद्री शेवाळापासून काढलेलं कॅराजीनन, ४०७, असं काहीतरी सापडेल. हलालचा विचार करणाऱ्या घरांनीही हीच यादी तपासावी, कारण जिलेटिन कोणत्या जनावराचं ते बहुतेक पाकिटं सांगत नाहीत.

शाकाहारी आणि जिलेटिनचे मार्शमॅलो कढईत सारखे वागत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास सैल पडतं, म्हणून तो मार्शमॅलो जिभेवर विरघळतो आणि कढईतही पटकन वितळतो. अगारला वितळायला ८५ अंश लागतात. त्यामुळे शाकाहारी मार्शमॅलो बराच वेळ आपला आकार सोडत नाही, मग एकदम चिकट गोळा होतो. त्याला आच वाढवून वठणीवर आणू नका. दोन चमचे दूध किंवा पाणी घाला, झाकण ठेवा, आच मंदच ठेवा आणि वाट बघा. पूर्ण गुळगुळीत नाही झाला, थोड्या गुठळ्या राहिल्या, तरी वडीला बाधा येत नाही.

आणखी एक तपासणी बाहेरूनच करता येते. पाकीट बोटांनी दाबून बघा. मार्शमॅलो दबून परत वर आला तर ताजा. कडक लागला, एकमेकांना चिकटून लादी झाली असेल, तर तो उन्हात किंवा गोदामात बराच काळ पडलेला आहे. त्यातलं पाणी आधीच गेलेलं असतं आणि त्याच्या वड्या कितीही जपून केल्या तरी कडकच होतात.

बटर मीठ असलेलंच घ्या. सगळीकडे मिळतं ते पिवळं बटर चालतं, आणि या गोडमिट्ट पदार्थाला त्या मिठाची गरज असते. घरचं साजूक तूप वापरायचं असेल तर ३५ ग्रॅम पुरे, पण त्याबरोबर दोन चमचे दूध आणि चिमूटभर मीठ घाला. बटरमध्ये पाण्याचा अंश असतो आणि तो मार्शमॅलो सैल करायला मदत करतो. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. तूप आणि वेलदोडा घातलेल्या वड्या मला व्हॅनिलाच्या वड्यांपेक्षा सरस वाटतात. मुलांचं मत अर्थात उलटं असतं.

पहिलं काम मुरमुऱ्यांचं, आणि खरं तर निम्मं यश इथेच आहे. मुरमुरे चाळणीने चाळून घ्या. ते खारवलेल्या तांदळाचे असतात आणि गरम वाळूत फुटतात, त्यामुळे तळाशी बारीक रेती आणि चुरा असतो. भेळेत तो चटणीखाली लपून जातो, वडीत दाताखाली येतो. मग कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं सतत हलवत भाजा. रंग बदलू द्यायचा नाही. एक दाणा चिमटीत धरून दाबा. कुरकुर करत चुरा झाला तर झाले, वाकला तर अजून हवेत. पावसाळ्यात मुरमुरे पिशवी फोडल्यापासून दोन दिवसांत सादळतात, तेव्हा ही पायरी वगळायचा मोह टाळा. सादळलेला मुरमुरा मार्शमॅलोत गेला की चामडं होतो, आणि त्यानंतर त्याला काही उपाय नाही. भाजून परातीत पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या.

मुरमुरे गार होतात तोवर ताट तयार करा. केकचा चौकोनी डबा असेल तर उत्तम. नसेल तर ढोकळ्याचं, वड्यांचं, कुठलंही काठाचं ताट चालेल. नाशिकच्या भांडी बाजारात असे चौकोनी ट्रे मिळतात, पण या एका पदार्थासाठी तिथवर जायची गरज नाही. गोल ताटात कडेच्या वड्या तिरक्या पडतील, इतकंच. ताटाला बटर लावा, वर बटर पेपर असा घाला की दोन बाजूंनी चार बोटं बाहेर लोंबेल. नंतर त्या टोकांना धरून सगळी लादी उचलता येते. उलथणं, डाव, हाताचे तळवे, जे जे मार्शमॅलोला लागणार त्या सगळ्याला आत्ताच बटर लावून ठेवा. नंतर वेळ मिळत नाही.

मार्शमॅलोतले मूठभर, साधारण ४० ग्रॅम, बाजूला काढा आणि कात्रीने त्यांचे बारीक तुकडे करा. कात्रीलाही बटर. हे तुकडे शेवटी कामाला येतील.

आता कढई. जाड बुडाची घ्या, नॉनस्टिक असेल तर जास्त चांगलं. आच सगळ्यात बारीक ठेवा. इंडक्शनवर करत असाल तर सगळ्यात खालचा आकडा. बटर वितळू द्या, तडतडू देऊ नका. बटर वितळलं की उरलेले मार्शमॅलो घाला आणि हलक्या हाताने, तळापासून वर असं हलवत राहा. आधी ते फुगतात, मग कडा सुटतात, मग एकमेकांत मिसळू लागतात. पाच ते सात मिनिटं लागतात. हीच ती वेळ जेव्हा आच थोडी वाढवावीशी वाटते. वाढवू नका. अजून काही बारीक गुठळ्या दिसत असतानाच गॅस बंद करा, कढईच्या उष्णतेने त्या आपोआप विरतात. मिश्रण पांढरंशुभ्र, रेशमासारखं आणि डावावरून सावकाश ओघळणारं हवं. कडेला पिवळसर किंवा तपकिरी झाक दिसली तर तुम्ही चिक्कीच्या वाटेला लागलात.

ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आहे त्यांनी मोठं काचेचं भांडं घ्यावं, कारण मार्शमॅलो तापला की दुप्पट-तिप्पट फुगतो. बटर आणि मार्शमॅलो एकत्र घालून तीस-तीस सेकंदांनी बाहेर काढून हलवायचं. तीन-चार वेळा पुरतं.

इसेन्स किंवा वेलदोडा घाला. लगेच मुरमुरे दोन भागांत घाला आणि उलथण्याने खालून वर घोळवा. ढवळू नका, दाणे मोडतात. सगळे दाणे माखले की बाजूला ठेवलेले तुकडे टाकून दोन-तीनदाच फिरवा. ते अर्धवट वितळतील, तसेच हवेत. वडी तोडताना मधे पांढऱ्या तारा येतात त्या या तुकड्यांमुळे. इथे हात चपळ हवा, पण लहान मुलांना कढईजवळ येऊ देऊ नका. वितळलेला मार्शमॅलो कातडीला चिकटतो आणि निघत नाही, त्यामुळे चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त बसतो. मुलांना मदत करायचीच असेल तर वड्या कापताना करू द्या.

मिश्रण ताटात ओता आणि बटर लावलेल्या तळव्याने नुसतं पसरवा. कोपऱ्यात ढकला, वरून सारखं करा, संपलं. वाटीच्या बुडाने दाबू नका, लाटणं तर काढूच नका. दाण्यांमधली हवा गेली की वडी घट्ट आणि जड होते. वरचा भाग थोडा खडबडीत दिसला तरी चालेल. चकचकीत सपाट वडी हवी असेल तर तिळाची चिक्की करावी, तिला ते शोभतं.

ओट्यावरच तासभर राहू द्या. मग पेपरच्या टोकांनी लादी उचलून पोळपाटावर घ्या, सुरीला बटर लावा आणि एका दाबात खाली कापा. सुरी पुढे-मागे घासली तर कडा फाटतात.

कढई घासायचा प्रश्न आला की बऱ्याच जणी या पदार्थाचं नाव टाकतात. खरवडू नका. कढईत गरम पाणी भरून वीस मिनिटं ठेवा, साखर आणि जिलेटिन दोन्ही पाण्यात विरघळतात आणि कढई आपणच स्वच्छ होते.

नाशिकच्या हवेप्रमाणे हात थोडा बदलावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, मिश्रण कढईतून ताटात जाईपर्यंतच आखडतं. तेव्हा मुरमुरे गार करण्याऐवजी कोमट असतानाच वापरा आणि ताट आधी गरम पाण्याच्या पातेल्यावर मिनिटभर ठेवून, पुसून घ्या. मे महिन्यात उलटा त्रास. दुपारी घरातच ३५ अंशांच्या वर तापमान जातं, म्हणजे जिलेटिन सैल पडतं त्या उष्णतेला आपण पोचलेलोच असतो. वड्या आकार धरत नाहीत, एकमेकींना चिकटतात. अशा वेळी संध्याकाळी करा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून कापा, आणि खायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. एरवी मात्र फ्रिज नकोच, त्याने वडी कडक होते आणि मुरमुरे ओलावा धरतात. पावसाळ्यात कापल्या कापल्या प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. साखर हवेतलं पाणी ओढते, तिला हवाच लागू द्यायची नाही.

साधी वडी जमली की मग बदल. भाजून सोललेल्या शेंगदाण्यांची ४० ग्रॅम भरड मुरमुऱ्याबरोबर घातली तर गोडपणा आटोक्यात येतो, आणि माझ्या मते ही वडी अशीच खावी. नाशिक जिल्ह्यात द्राक्षं पिकतात म्हणून बेदाणे घालावेसे वाटतात. घाला, पण चिरून आणि मूठभरच. अख्खा बेदाणा मऊ मार्शमॅलोत दाताला सापडतच नाही. कॉर्नफ्लेक्स मुरमुऱ्याच्या जागी चालतात, ते जड असल्याने ११० ग्रॅम घ्या आणि हाताने किंचित चुरा. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या उरल्या असतील तर चाळून, न फुटलेले गोंडर काढून त्या वापरता येतात, चव छान लागते. राजगिऱ्याच्या लाह्या फार बारीक. त्या सगळा मार्शमॅलो पिऊन टाकतात आणि घट्ट लादी होते. शिवाय राजगिरा दिसला म्हणून कुणी या वड्या उपवासाला चालवू नयेत, मार्शमॅलो चिकटू नये म्हणून त्यावर मक्याचं पीठ भुरभुरलेलं असतं.

चॉकलेट हवं असणाऱ्यांसाठी १०० ग्रॅम डार्क कंपाउंड गरम पाण्याच्या पातेल्यावर वितळवून गार लादीवर पातळ पसरवा आणि घट्ट झाल्यावर कापा. मिल्क चॉकलेट टाळा, गोडावर गोड होऊन दुसरी वडी खाववत नाही.

नेहमीच्या हवेत या वड्या तीन दिवस चांगल्या राहतात, चौथ्या दिवसापासून मुरमुरे मऊ पडायला लागतात. शाळेच्या डब्यात, वाढदिवसाला, कंपनीतल्या टीमसाठी जे काही न्याल ते ताजं न्या. घरून ऑर्डर घेऊन विकायच्या असतील तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. आणि विकत द्या की फुकट, समोरच्याला दोन गोष्टी न विचारता सांगा: मार्शमॅलो जिलेटिनचा आहे की शाकाहारी, आणि वडीत शेंगदाणे आहेत का.